दवाखान्याबद्दल पेशंटचं खरं मत काढून कसं घ्यायचं?

काउंटरवाली:
नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोत आमचा छोटा दवाखाना आहे. मिस्टर जनरल प्रॅक्टिस करतात, मी काउंटर बघते. केस पेपर काढणं, नंबर, पुड्या बांधणं, पैसे, सगळं माझ्याकडे. एकच गाळा, अर्ध्यात बाकडी, अर्ध्यात तपासणी, पडद्यामागे सलाईनसाठी एक कॉट. पेशंट म्हणजे अंबड-सातपूरचे कामगार, त्यांच्या घरचे, आसपासची रिटायर्ड मंडळी आणि गल्लीतली पोरंबाळं.

हल्ली जवळपास दोन-तीन पॉलिक्लिनिकं झाली आहेत. एसी, टोकनचा डिस्प्ले, सगळा थाट. आमची काही जुनी घरं दिसेनाशी झालीत. मिस्टर म्हणाले, आपलं काय कमी पडतंय ते लोकांनाच विचारू. म्हणून सूचनापेटी लावली. उघडली तेव्हा निघालं काय, तर गोळीचं रिकामं पाकीट, पतसंस्थेची जाहिरात आणि एक चिठ्ठी, "पंखा फास्ट करा". मग व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला. तो भरला माझ्या नणंदेनं, तिच्या जावेनं आणि औषधांच्या एजन्सीवाल्यानं. सगळ्यांचे पाच तारे! तोंडावर विचारलं की एकच उत्तर, "छानच आहे की वहिनी, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे."

मग येईनासे झाले ते का झाले? कुणी असा प्रयत्न केलाय का? किंवा पेशंट म्हणून तुम्ही काय सांगाल, जे डॉक्टरांसमोर कधीच सांगितलं नसतं?

पाथर्डीफाटा:
डॉक्टर हातात सिरिंज घेऊन उभे असताना "छानच आहे" हेच उत्तर बरोबर असतं, ताई.

रिटायर्ड_प्रेसवाला:
फॉर्म, पेटी, तारे यातून काही निघणार नाही. मी नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये नोकरी केली, सूचनापेट्या पुष्कळ बघितल्या. कुलूप गंजतं, किल्ली कुणाकडे आहे ते आठवत नाही.

तुम्ही विचारलंच आहे तर माझं सांगतो. आमचे डॉक्टर उत्तम आहेत, वादच नाही. पण मी सकाळी जाऊन वहीत नाव लिहितो, घरी येऊन चहा घेतो, परत जाऊन बसतो. माझा नंबर आला रे आला की टाय लावलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, बॅग घेऊन आत घुसतो. एक बाहेर पडतो तोवर दुसरा दारात. बाहेर तापानं फणफणलेलं पोर आईच्या मांडीवर, आणि आत नव्या ब्रँडची माहिती चाललेली. हे मी चिठ्ठीवर लिहायचं कसं? पेटीच्या खाली एमआर बसलेला असतो.

काउंटरवाली:
काका, एमआरचं खरंच कुणी कधी बोललं नव्हतं. आमच्याकडेही ते मध्येच जातात, कारण त्यांना पुढच्या दवाखान्यात पोचायचं असतं.

रिटायर्ड_प्रेसवाला:
आणि मला कुठे जायचं नसतं, असंच ना? :)

सेकंड_शिफ्ट:
अंबडला कंपनीत आहे. माझी तक्रार वेळेची. बहुतेक दवाखाने सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ. फर्स्ट शिफ्टवाल्याचं भागतं. सेकंडला असलं की दुपारी अडीचच्या आत गेटवर हजर पाहिजे, म्हणजे हाती फक्त सकाळ. ती गेली नंबर धरण्यात. त्यातून डॉक्टर त्या दिवशी येणारच नाहीत हे शटरसमोर उभं राहिल्यावर कळतं. फोन लावला तर उचलत नाहीत. ईएसआयच्या दवाखान्यात जावं तर अर्धा दिवस गेलाच, मग हजेरीची बोंब. सगळ्यात जास्त कशाची गरज आहे म्हणाल तर "आज डॉक्टर आहेत, इतक्या वाजता येणार आहेत" एवढं कळण्याची. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकलं तरी पुरे. एसी नसला तरी चालेल. आम्ही दिवसभर फर्नेसजवळ असतो.

ओझरवाली:
जरा अवघड विषय आहे, पण निनावी आहे म्हणून लिहिते. मी एक दवाखाना सोडला, डॉक्टर चांगले असूनही. कारण काउंटर. बाकड्यावर शेजारपाजारचे बसलेले, त्यात माझ्या मिस्टरांचे मित्र. काउंटरवरून विचारलं, "काय होतंय?" मी हळू आवाजात सांगितलं. ऐकू गेलं नाही म्हणून तिकडून मोठ्यानं, "अंगावरून जातंय का? पांढरं का लाल?" सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. त्या दिवशी मी फक्त डोकं दुखतंय एवढंच सांगून गोळी घेऊन घरी आले. नंतर कॉलेज रोडला एका मॅडमकडे जायला लागले. दूर पडतं, रिक्षाला पैसे जातात, पण तिथं चिठ्ठीवर फक्त नाव आणि वय लिहून घेतात.

आता सांगा, हे मी सूचनापेटीत टाकलं असतं? माझं अक्षर त्या काउंटरवालीला ओळखू आलं असतं. आणि जुन्या डॉक्टरांना आजही वाटत असेल की मला त्यांचा गुण आला नाही.

काउंटरवाली:
ताई, हे वाचून मी गप्पच झाले. मिस्टरांनाही वाचून दाखवलं. ते म्हणतात, थोडं विचारावं तर लागतं, छातीत दुखत असेल तर त्याला आधी आत घ्यायचं असतं.

ओझरवाली:
बरोबर आहे. मग तेवढंच विचारा. "छातीत दुखतंय का, दम लागतोय का, फार ताप आहे का?" बाकीचं आत.

लेस्टरकर:
मूळचा गंगापूर रोडचा, आता इंग्लंडमध्ये. इकडच्या जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, काय चालतं ते सांगतो. तपासून घरी आलं की मोबाइलवर मेसेज येतो, आमच्या सेवेचा एकूण अनुभव कसा होता? उत्तराचे ठरलेले पर्याय, आणि खाली का ते लिहायला मोकळी जागा. फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट म्हणतात त्याला. जीपींना तो डिसेंबर २०१४ पासून लागू झाला. आधी प्रश्न वेगळा होता, "तुमच्या मित्रांना, घरच्यांना ही सर्जरी सुचवाल का?" २०२० मध्ये तो बदलला. शिवाय एप्रिल २०१५ पासून प्रत्येक सर्जरीला पेशंटचा एक गट ठेवावा लागतो. चार रिटायर्ड लोक, एखादी तरुण आई, असे मॅनेजरबरोबर बसतात. आणि भिंतीवर एक फळा असतो, तुम्ही काय सांगितलंत आणि आम्ही काय केलं. मला त्यातला फळा सगळ्यात आवडतो. आकडे कोण वाचतं?

खडूस_नाशिककर:
तिकडे हे सगळं असूनही अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणतात.

लेस्टरकर:
खरं आहे. बऱ्याच ठिकाणी सकाळी आठ वाजता फोन लावायचा आणि रांगेत लटकायचं. सगळे जण वर्षानुवर्षं तेच सांगतायत, फळ्यावरही तेच. डॉक्टरच कमी असतील तर मेसेजला उत्तर देऊन काय होणार? पण आमच्या सर्जरीत व्हीलचेअरसाठीचं दार नीट झालं ते मात्र त्या गटामुळेच.

आकडेमोड:
मी म्हसरूळजवळ राहतो. सार्वजनिक आरोग्य शिकवायचो, त्यामुळे हा धागा सोडवत नाही.

"कसा वाटला दवाखाना?" या प्रश्नाला कुणीही "छान" म्हणणारच. ज्याच्याकडे उद्या पुन्हा जायचं आहे त्याला नाराज कोण करेल? म्हणून मत विचारू नका, काय घडलं ते विचारा. "वाट किती पाहावी लागली?" यापेक्षा "घरून किती वाजता निघालात, डॉक्टरांनी किती वाजता आत घेतलं?" असं विचारा. "डॉक्टरांनी नीट समजावलं का?" यापेक्षा "ही पांढरी गोळी कधी घ्यायची सांगितलीय?" पेशंट अडखळला की तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

दुसरं, विचारणारी व्यक्ती काउंटरवरची नको, आणि जागा दवाखान्यातली नको. तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आज बाकड्यावर बसलेल्यांना विचारून येईनासे झालेल्यांचं कारण कधीच कळणार नाही. बाकड्यावर बसलेत ते राहिलेलेच आहेत. ओझरवाली ताई त्यांच्या जुन्या डॉक्टरांच्या कुठल्याच फॉर्ममध्ये सापडल्या नसत्या.

आपल्याकडे हे कुणी करत नाही असं नाही. केंद्रानं २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' सुरू केलं, त्यात सरकारी रुग्णालयात जाऊन आलेल्याला एसएमएस किंवा फोन करून विचारतात. पण छोट्या दवाखान्यानं त्याची नक्कल करू नये. तिथे हजारोंचा हिशोब असतो, तुमच्याकडे माणसं नावानं ओळखीची आहेत.

आणि हो, फॉर्ममध्ये नाव, नंबर, आजार असलं काही मागू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण तो राहू द्या बाजूला. नंबर मागितला की लोक खरं लिहीत नाहीत.

मेडिकलवाला:
एवढा खटाटोप कशाला? गल्लीतल्या मेडिकलवाल्याला विचारा. डॉक्टरांकडून निघालेला माणूस चिठ्ठी काउंटरवर ठेवतो आणि पहिला प्रश्न मला विचारतो, "भाऊ, ही कशाची गोळी आहे?" दुसरा, "सगळीच घ्यायची का?" आत डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण तो मान हलवत आलेला असतो. काही जण म्हणतात, "तीनच दिवसांच्या द्या, बरं वाटलं तर बाकीच्या नको." अँटिबायोटिकचा कोर्स तिथंच मोडला.

परवा एक आजी आल्या. पुड्यांतल्या गोळ्या डब्यात एकत्र केल्या होत्या. बीपीची कुठली आणि आम्लपित्ताची कुठली, ओळखेना. नाव नाही, काही नाही, कागदाची नुसती पुडी. मी तरी कसं ओळखणार? रंगावरून अंदाज बांधून औषध द्यायचं का? डॉक्टरांकडे परत पाठवलं, तर म्हणाल्या, "इतक्या गर्दीत एवढ्याशा गोष्टीसाठी कशी जाऊ?"

चिठ्ठी स्पष्ट आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावी असं २०१६ पासून डॉक्टरांच्या नियमांत आहे. पुडीवर निदान सकाळ-दुपार-रात्र आणि कशासाठी, एवढं मराठीत लिहा ना. (तुम्ही पुड्या बांधता म्हणून माझा धंदा बुडतो, तरी सांगतोय. उपकार लक्षात ठेवा.)

काउंटरवाली:
उपकार वहीत लिहून ठेवलेत, भाऊ. पुडीवर लिहायचं उद्यापासून सुरू करते, त्यासाठी कुणाचं मत घ्यायची गरजच नाही.

निफाडचा_डॉक्टर:
मी थोडा विरोधी सूर लावतो. पेशंटचं समाधान आणि पेशंटचं भलं या एकच गोष्टी नाहीत. माझ्याकडे विचारलंत तर सगळे म्हणतील, "सुई द्या, सलाईन लावा." ऑक्टोबरच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर बागांत येतात. उद्याची मजुरी बुडू नये म्हणून त्यांना आजच्या आज अंगात ताकद पाहिजे असते. साध्या सर्दीला सुई दिली नाही तर ते शेजारच्या गावात जातात, तिथे मिळते. साध्या व्हायरल तापात अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर लोकांच्या लेखी कच्चा. तारे मोजायला बसलो तर मी सगळ्यांना सलाईन लावत सुटेन.

त्यामुळे वागणूक, वेळ, पैसे, समजावून सांगणं, यावर जरूर विचारा. उपचारावर मत मागवू नका.

खडूस_नाशिककर:
डॉक्टरसाहेब, उपचारावर मत नको, हे मेकॅनिकनं "इंजिनाबद्दल बोलू नका, सीट कव्हर कसं वाटलं ते सांगा" म्हणण्यासारखं झालं. सुई का नाही दिली हे मला पटेल असं सांगितलंत तर मी दुसऱ्या गावाला जाणार नाही. नाही सांगितलंत तर जाईन. मग तेही मत झालंच ना?

निफाडचा_डॉक्टर:
मुद्दा मान्य. मी "गरज नाही" म्हणतो आणि पुढच्याला हाक मारतो. गर्दीत तेवढंच होतं. मग असा प्रश्न चालेल, "तुम्हाला जे औषध हवं होतं ते मिळालं नाही असं झालं का, आणि का नाही ते डॉक्टरांनी सांगितलं का?" आमच्या मजुरांपैकी पुष्कळांना वाचता येत नाही, मराठीही वेगळी बोलतात. त्यांना आशाताईच विचारते, बागेत. माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत ती माणसं तिच्याशी भरभरून बोलतात.

पाथर्डीफाटा:
गूगलवर रिव्ह्यू मागवा की. पाच तारे दिले तर केस पेपर फुकट!

निफाडचा_डॉक्टर:
असलं काही करू नका. आम्हाला पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करता येत नाही, २००२ च्या आचारसंहितेतच आहे. आणि विकत घेतलेलं कौतुक वाचून तुम्हाला कळणार काय? आमच्या एका मित्राच्या दवाखान्याला एकच तारा मिळालाय. कारण, "पार्किंग नाही."

सेकंड_शिफ्ट:
पार्किंगचं सोडा. २०२७ च्या सिंहस्थाच्या नावानं रस्ते असे खणलेत की पेशंट दवाखान्यात पोचला हेच पुष्कळ.

रिटायर्ड_प्रेसवाला:
पैशांचं कुणीच बोललं नाही. मी बोलतो. तपासून झालं की आपण विचारतो, "किती झाले?" मग डॉक्टर छताकडे बघून आकडा सांगतात. शेजारच्याला वेगळा, मला वेगळा. कमी घेतले तर उपकार वाटतात, जास्त घेतले तर शंका येते. फी किती ते भिंतीवर लिहा आणि मोकळे व्हा. २०२१ च्या नियमांप्रमाणे नर्सिंग होमवाल्यांना दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते.

निफाडचा_डॉक्टर:
ते पेशंट दाखल करून घेणाऱ्यांसाठी आहे काका, साध्या ओपीडीला नाही.

रिटायर्ड_प्रेसवाला:
सक्ती नाही म्हणून लावायचं नाही असंही कुठे लिहिलेलं नाही.

काउंटरवाली:
फीच्या बोर्डाला मिस्टर तयार होत नाहीयेत. म्हणतात, गरिबाकडून मी कमी घेतो, बोर्ड लावला तर तो दारातूनच परत जाईल. मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे तो विषय घरात चालू आहे. एमआरचं मात्र ठरलं. आता ओपीडी संपल्यावरच, दुपारी एकनंतर. एकजण रुसून गेला.

आता राहिला मूळ प्रश्न, जे येईनासे झाले त्यांचा. त्यांना गाठायचं कसं? फोन करून "तुम्ही का येत नाही?" विचारणं बरं दिसेल का?

आकडेमोड:
असं विचारू नका. बीपी-शुगरवाल्यांची वही असेलच तुमच्याकडे. ते दर महिन्याला यायला हवेत. ज्यांचे दोन-तीन महिने कोरे आहेत त्यांना फोन करा आणि फक्त गोळ्या चालू आहेत ना एवढंच विचारा. दुसरीकडे घेत असतील तर छानच, निदान बंद नाहीत हे कळलं. बंद असतील तर डॉक्टर म्हणून कळायलाच हवं. कारण ते आपणहून सांगतील. न सांगितलं तर खोदू नका.

रिटायर्ड_प्रेसवाला:
फोन आला की मला तरी वाटेल, गिऱ्हाईक बोलावतायत.

मेडिकलवाला:
काका, कोण बोलतंय त्यावर आहे. डॉक्टर स्वतः बोलले तर माणूस चार जणांना सांगतो, "डॉक्टरांचा फोन आला होता."

निफाडचा_डॉक्टर:
सहमत. मी शुगरवाल्यांना असे फोन करतो. एकानं सांगितलं, गोळ्या बंद केल्या कारण काढा घेतोय. दुसऱ्यानं सांगितलं, तुमच्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत, गुडघे चढू देत नाहीत. त्या तीन पायऱ्या मी रोज चढतो, कधी दिसल्या नव्हत्या. आता कठडा बसवलाय.

काउंटरवाली:
हे फार उपयोगी पडलं. तर ठरवलंय ते असं. मिस्टर रोज दुपारी वहीतल्या दोघा-तिघांना फोन करतील. आणि माझी भाची कॉलेजला आहे, ती आठवडाभर मेडिकलच्या बाजूच्या ओट्यावर बसेल. नाव विचारणार नाही. तीनच प्रश्न: घरून किती वाजता निघालात आणि आत किती वाजता गेलात, औषध कधी आणि कशासाठी घ्यायचंय, आणि डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं असं काही आहे का? त्यातलं जे करू ते फळ्यावर लिहू, लेस्टरकरांसारखं. जे जमणार नाही तेही लिहू, का जमणार नाही त्यासकट.

ओझरवाली:
चौथा प्रश्न घाला. "काउंटरवर काही सांगायला अवघड वाटलं का?" आणि बायकांना तुमच्या भाचीनंच विचारावं, ओट्यावर दुसरं कुणी बसलेलं नसताना.

आकडेमोड:
तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे, तो पहिला घ्या. वेळेचा हिशोब शेवटी. आणि भाचीला बजावून ठेवा, कुणी तक्रार केली तर "अहो पण काका तसे नाहीत" म्हणून बाजू मांडायला जाऊ नकोस, पेशंटच्याच शब्दांत लिहून घे.

मेडिकलवाला:
ओटा माझा आहे, भाडं म्हणून एक चहा.

सेकंड_शिफ्ट:
एक राहिलं. भाची कॉलेजवाली म्हणजे संध्याकाळीच बसणार. मग आमची अख्खी सेकंड शिफ्ट सुटली, आणि वेळेची तक्रार आमचीच सगळ्यात जास्त आहे. दोन दिवस तरी तिला सकाळी बसवा.